अडथळ्यांची वही

"तीन पेनं घेऊन ये," साहेब म्हणाले. "एक निळं, एक काळं आणि एक ते सुकत आलेलं असतं ना, तसलं."

२००३चा मे महिना होता. मराठवाड्यातल्या एका रस्त्याच्या कामावर मी नवीकोरी प्लॅनिंग इंजिनियर. पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस, दुपारी लोखंडी टेबलावर कोपर टेकवलं तर चटका बसायचा. कामाची मुदत संपत आलेली आणि रस्ता निम्म्याच्या जरासा पुढे. सोमवारी मुदतवाढीचा अर्ज द्यायचा होता आणि त्याला जोडायचं हिंडरन्स रजिस्टर अठरा महिने कपाटात कोरं पडून होतं. त्या एका संध्याकाळी आम्ही दोघांनी अठरा महिन्यांचे अडथळे लिहून काढले. पावसाचे आकडे तहसीलमधून आणलेले होते. विजेचे खांब वेळेत हलले नव्हते, ते खरंच होतं. एका शेतकऱ्यानं काम अडवलं होतं, तेही खरं. फक्त किती दिवस, ते कुणालाच आठवत नव्हतं. साहेबांनी थोडा विचार केला आणि 'चव्वेचाळीस लिही' म्हणाले. पन्नास लिहिलं की डोळ्यांवर येतं. पेनं आलटून-पालटून वापरली. आठवड्याभरात समोरच्या बाजूच्या सह्या झाल्या. मुदतवाढ मिळाली.

काही महिन्यांनी झेरॉक्स चाळताना माझ्याच अक्षरातली एक ओळ दिसली : २९ फेब्रुवारी २००३, डांबराचा पुरवठा बंद. त्या वर्षी २९ फेब्रुवारी नव्हतीच. तरी ती ओळ चार टेबलांवरून सह्या घेऊन सुखरूप परत आली होती.

ज्यांचा साइटशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. हिंडरन्स रजिस्टर म्हणजे अडथळ्यांची वही. काम ज्या दिवशी अडलं त्या दिवशी त्यात लिहायचं : काय अडलं, कधीपासून, कुणामुळे. अडथळा दूर झाला की ती तारीख. शेजारी दोघांच्या सह्या, कंत्राटदाराची आणि खात्याच्या इंजिनियरची. दोन अडथळे एकाच वेळी असतील तर ते दिवस दोनदा धरायचे नाहीत. इतकी साधी वही. पण ती ज्या दिवशीची त्या दिवशी लिहायची म्हणजे कुणीतरी त्याच दिवशी 'हे तुमच्यामुळे अडलं' असं समोरच्याला सांगायचं आणि समोरच्यानं ते ऐकून सही करायची. आपल्याकडे ही वही कोरी राहते ती आळसापोटी नाही, भिडेपोटी.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट या नावाखाली आज जे शिकवलं, विकलं आणि भरती करताना विचारलं जातं, त्यात तारखांचे तक्ते फार आणि ही वही नावाला असते. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. काळ स्थिर असेल तर तक्ता पुरतो. कायदे, पाऊस, डिझेलचे भाव, माणसं आणि तंत्रज्ञान एकाच वेळी हलत असताना तक्ता महिन्याभरात शिळा होतो. तेव्हा कामाला येते ती एकच विद्या : काय बदललं, त्याची किंमत किती आणि ती कोण मोजणार, हे वेळेवर आणि उघडपणे सांगता येणं. सार्वजनिक कामांत ही विद्या लोकांच्या हक्काची आहे, कारण किंमत शेवटी तेच मोजतात.

याचा पुरावा शोधायला मराठी माणसाला लांब जायला नको. कोकणात एकाच पट्ट्यात दोन प्रकल्प आहेत.

पहिला कोकण रेल्वेचा. जुलै १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री, असा योग पुन्हा येणार नव्हता. प्रमुखपदी ई. श्रीधरन आले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग त्यांनी सात भागांत वाटला : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. साधारण शंभर-शंभर किलोमीटरचा एकेक तुकडा आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. निर्णय तिथल्या तिथे. ज्यानं कोकणातला एक तरी सातबारा पाहिला आहे त्याला ४० हजारांहून जास्त जमीनमालकांकडून जमीन घेणं म्हणजे काय ते सांगायला नको. दहा गुंठ्यांवर सोळा नावं, त्यातली नऊ मुंबईत, दोन वारलेली, एक बेपत्ता. तरी बहुतेक जमीन वर्षभराच्या आसपास हाती आली, कारण तेच काम पहिलं धरलं होतं. आधी भूमिपूजन आणि मग भूसंपादन हा आपला लाडका क्रम तिथे उलटा झाला.

श्रीधरन यांच्याबद्दल बोलताना लोक हटकून उलट्या घड्याळाची गोष्ट सांगतात, उरलेले दिवस दाखवणाऱ्या. गोष्ट छान आहे. पण एक गोष्ट त्या कौतुकात हरवते : कोकण रेल्वे वेळेवर झाली नाही. उद्दिष्ट होतं १९९४च्या ऑक्टोबरचं आणि पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ला. तीन वर्षांहून अधिक उशीर. पैसा उभारायला काढलेल्या रोख्यांवरचं व्याज त्या काळातही चालूच होतं आणि त्याचं ओझं महामंडळानं पुढे बरीच वर्षं वाहिलं.

मग आपण तिला यश का म्हणतो? उशीर कुठे झाला आणि का झाला ते आजही बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून. गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं. खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाजण जमिनींचं काय, जुन्या गोव्याच्या वारशाचं काय, असे प्रश्न आले. काम थांबलं, चौकशी नेमली गेली, महिने गेले. मग माती आली. कातळ फोडायला स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रं आणली होती, सह्याद्रीच्या खडकात ती उत्तम चालली. पण पेडण्यासारख्या ठिकाणी डोंगराच्या पोटात कातळच नव्हता, पाण्यानं फुगलेली चिकणमाती होती. यंत्र तिथे मुकं. आज खोदलेलं रात्रीत ढासळायचं. शेवटी इंचाइंचानं, हातानं खोदाई करावी लागली आणि या मऊ मातीच्या बोगद्यांत माणसंही गेली. हा उशीर कुणी 'अपरिहार्य कारणांमुळे' या शब्दांत गुंडाळून ठेवला नाही. इतर तुकडे थांबवले नाहीत. मंगळूर-उडुपी आणि रोहा-वीर हे भाग १९९३मध्येच सुरू करून टाकले. एक तुकडा रुतला म्हणून सगळी गाडी रुतू द्यायची नाही, हा त्या वाटणीचा खरा फायदा होता.

पुढचा धडा तर याहून मोलाचा आहे. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ आणि वर्षभरातच, जून २००४मध्ये महाडजवळ आंबवलीला दरडींमुळे मोठे अपघात झाले. उतार पुन्हा कापले, जाळ्या बसवल्या, गस्त वाढवली. आणि पावसाळी वेळापत्रक आलं. जून उजाडला की कोकणच्या गाड्या हळू धावतात, सुटायच्या-पोचायच्या वेळा बदलतात आणि ते सगळं आधी जाहीर झालेलं असतं. चाकरमानी त्यावर कुरकुर करतो, मीही करते. पण नीट पाहिलं तर सार्वजनिक व्यवस्थेनं बदलत्या परिस्थितीला दिलेलं इतकं प्रामाणिक उत्तर दुसरं आठवत नाही. गाडी उशिरा पोचणार, पण किती उशिरा ते आधीच छापून दिलंय.

आता त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या प्रकल्पाकडे या. मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११मध्ये सुरुवात झाली. त्यानंतर किती मंत्र्यांनी किती गणेशोत्सवांच्या आधी किती तारखा दिल्या, याचा हिशेब कोकणी माणसानं केव्हाच सोडला. जमीन पूर्ण हातात नसताना काम दिलं गेलं, कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्यांचा प्रश्न होता, कंत्राटदार आर्थिक अडचणीत आले, टप्पे वेगवेगळ्या यंत्रणांकडे गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं आणि तिथेही नव्या तारखा दिल्या गेल्या. कारणं सगळी खरी असतील. त्यातलं कोणतं किती दिवसांचं, हे मात्र नागरिकाला कुठेही एका जागी वाचता येत नाही. तारीख जाहीर होते, चुकते आणि दुसरी जाहीर होते. मधलं पान कोरंच.

याच रस्त्यावर महाडला सावित्री नदी आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तिच्यावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. तोच महामार्ग, तोच पाऊस, तेच सरकार. मग इथे कसं जमलं? नेहमीचं उत्तर 'इच्छाशक्ती'. हा शब्द मला पटत नाही, कारण तो काहीच सांगत नाही. सावित्रीवर नेमकं काय बांधायचं ते पहिल्या दिवशी ठरलेलं होतं आणि नंतर बदललं नाही. जागेचा वाद नव्हता. एकच जागा, एकच काम, निर्णय घेणारा कोण ते सगळ्यांना माहीत आणि काय अडलं ते विचारायला अख्खा महाराष्ट्र रोज दारात उभा. म्हणजे अडथळ्यांची वही तिथे लोकांनीच उघडून ठेवली होती. उरलेल्या रस्त्याला ते भाग्य लाभलं नाही. खरं तर त्यासाठी माणसं मरायची वाट पाहायला लागू नये.

यावर माझे खात्यातले मित्र म्हणतात, श्रीधरन काय रोज जन्माला येतात का? नाही येत. म्हणून तर वही हवी. थोर माणसाच्या भरवशावर चालणारी गोष्ट म्हणजे व्यवस्था नव्हे, नशीब. आणि श्रीधरन यांना जे मिळालं ते इतरांना आपण देतो का, तेही बघू. ते कोकण रेल्वेच्या शिरावर सातेक वर्षं एकाच खुर्चीत होते. महाराष्ट्रात २००५च्या कायद्यानं अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आणि तोही पुरा होईल याची खात्री कुणी देत नाही. सहा वर्षांच्या कामावर किमान दोन साहेब. पहिल्याला माहीत असतं की फळ दुसऱ्याच्या काळात येणार, दुसऱ्याला माहीत असतं की घोळ पहिल्याच्या काळातला. परिस्थितीत बदल झाला की आपण अधिकाऱ्याची बदली करतो. आणि जाताना तो फायली देतो, आठवण देत नाही. कुणा जमीनमालकाला तोंडी काय शब्द दिला होता, कुठल्या पाइपलाइनचा नकाशा चुकीचा निघाला, हे सगळं त्याच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जातं.

दोन यंत्रणांच्या सीमेवर तर ही गफलत उघड्यावर दिसते. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग जुलै २०१८मध्ये रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा लोकांनी पाहिलं, तर शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल सुमारे दीड मीटर खालीच राहिलेला. रुळांवरच्या पुलाची उंची रेल्वेच्या निकषांनुसार वाढली होती आणि ती वाढल्याचं उत्तर शेजारच्या पुलाकडे नव्हतं. नंतर जॅक लावून तो पूल उचलला, जोडला आणि जुलैमध्ये वाहतूक सुरू झाली. उचलण्याचं काम अवघड होतं आणि इंजिनियरांनी ते चोख केलं. पण समाजमाध्यमांवर हसण्यात आपण मुद्दा घालवला. चूक गणिताची नव्हती. उंची बदलली हा एक बदल होता आणि त्याची किंमत कुणाच्या खात्यावर, हे ठरायला पूल उघडायचा दिवस उजाडावा लागला.

पाटबंधाऱ्यांकडे मी फार वळत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढंच नोंदवते की तिथे 'सुप्रमा' हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा पूर्ण उच्चार, सुधारित प्रशासकीय मान्यता, आता कुणी करत नाही. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा १९८३च्या सुमाराचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. सुधारत सुधारत तो २५ हजार कोटींच्या वर गेला. महागाई आली, काम वाढलं, पुनर्वसनाचे निकष बदलले, सगळं मान्य. पण प्रत्येक सुप्रमा हा एक कबुलीजबाब असायला हवा होता, तो शिक्का झाला.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, तुमचं हे मॅनेजमेंट म्हणजे शेवटी लोकांच्या विरोधाला 'अडथळा' ठरवणं. रजिस्टरात पाऊस, डांबर आणि शेतकरी एकाच रकान्यात. बोचतं, कारण ते खरं आहे. त्या चव्वेचाळीस दिवसांच्या शेतकऱ्याचं म्हणणं काय होतं, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. त्याच्या विहिरीकडे जायची वाट रस्त्याखालून पाणी काढायच्या मोरीच्या चुकीच्या जागेमुळे बंद होत होती, हे मला वर्षभरानं कळलं. मोरी बारा मीटर सरकवली असती तर चव्वेचाळीस काय, चार दिवसही गेले नसते. गोव्यातल्या आंदोलनानंही नेमके हेच प्रश्न आधी विचारले होते, पाणी कुठून जाणार आणि काय तुटणार. वही त्या त्या दिवशी लिहिली तर त्यात 'शेतकऱ्याचा विरोध' एवढंच लिहून भागत नाही, विरोध कशाला तेही लिहावं लागतं, कारण माणूस समोर उभा असतो. नंतर लिहिलेल्या वहीत तो फक्त आकडा उरतो.

आयटीतल्या वाचकांना हे सगळं खडी-सिमेंटचं वाटत असेल. हिंजवडीतली माझी एक मैत्रीण सांगते, त्यांच्याकडे अशा अहवालाला 'कलिंगड' म्हणतात : बाहेरून हिरवा, कापला की लाल. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या मीटिंग, प्रत्येक जण 'ऑन ट्रॅक', आणि क्लायंटला दाखवायच्या आदल्या रात्री कलिंगड फुटतं. पद्धत अमेरिकेतून आली, भीड आपली आपणच घातली. वरच्याला वाईट बातमी द्यायची नाही हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं. प्रगतिपुस्तकावर बापाची सही घेताना आपण सगळे पहिल्यांदा प्रोजेक्ट मॅनेजर होतो.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली. मीटिंगचं टिपण ती लिहिते, वेळापत्रक ती आखते, उशिराचा अंदाज ती बांधते. म्हणून ज्यांची नोकरी तक्ता रंगवण्याची होती त्यांना चिंता वाटते, आणि ती वाटायलाच हवी. पण कोऱ्या वहीतून यंत्र काय वाचणार? तीन पेनांनी लिहिलेलं रजिस्टर दिलं तर ते २९ फेब्रुवारीचा सुबक आलेख काढून देईल. मोरीजवळ जाऊन 'दादा, वाट कुठून जाते तुमची?' असं विचारायचं काम अजून तरी माणसाचंच आहे. भरती करताना मी प्रमाणपत्र बघते, नाही असं नाही. पण विचारते एकच : "हे वेळेत होणार नाही, असं तू शेवटचं कुणाला आणि किती आधी सांगितलंस?" बहुतेक जण गप्प होतात. एकानं उलट विचारलं, "मॅडम, असं सांगून चालतं?"

चालवायचं तर नियम हवा आणि नियम नव्यानं शोधायला नको. घर विकणाऱ्या बिल्डरला आपण तो केव्हाच लावला. मे २०१७पासून महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याला पूर्णत्वाची तारीख जाहीर करावी लागते आणि दर तीन महिन्यांनी प्रगती कळवावी लागते. मुदत वाढवायची तर अर्ज करावा लागतो आणि ते सगळं फ्लॅट घेणारा मोबाइलवर वाचू शकतो. त्या व्यवस्थेत पळवाटा आहेत, बिल्डर त्या शोधतातही. पण चाळीस फ्लॅटच्या इमारतीला जे बंधन आहे ते हजारो कोटींच्या रस्त्याला का नाही? दिल्लीत १५० कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांच्या उशिराचे अहवाल निघतात, पण गावातल्या अडलेल्या पुलाबद्दल त्यातून गावाला काही कळत नाही. मला हवी आहे ती साधी गोष्ट : राज्यातल्या प्रत्येक मोठ्या कामाची अडथळ्यांची वही ऑनलाइन, त्या त्या आठवड्याला भरलेली, मागच्या नोंदी खोडता न येणारी. काय अडलं, कुणाकडे अडलं, किती दिवस. कामाच्या जागी जो फलक लावतात, त्यावर नेत्यांच्या फोटोंशेजारी त्या वहीचा क्यूआर कोड. आणि प्रकल्पप्रमुखाची बदली करायची तर त्या वहीत तीही अडथळा म्हणून लिहायची, दिवसांसकट.

खात्यातले मित्र म्हणतात, अशा वहीनं कंत्राटदार न्यायालयात जातील, दावे वाढतील. दावे आजही होतात. फरक इतकाच की आज लवादापुढे दोन्ही बाजू पाच वर्षांपूर्वीच्या पावसाबद्दल भांडतात आणि दोघांकडेही तीन पेनांची वही असते.

दर शनिवारी मी एका इंजिनियरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला शिकवते. प्रत्येक गटानं आपल्या प्रोजेक्टची अडथळ्यांची वही पहिल्या आठवड्यापासून ठेवायची, त्याला वीस मार्क. मुलं हुशार आहेत, बहुतेक वह्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेल्या असतात. माझ्याइतकं ते कोण ओळखणार! गेल्या वर्षी एका गटाची वही आली. चार अक्षरं, चहाचा डाग, मधली दोन पानं फाटून चिकटवलेली. १४ ऑगस्टला एका मुलीनं लिहिलं होतं : 'लॅबची किल्ली मिळाली नाही. १ दिवस.' त्याच्या खाली, त्याच अक्षरात : 'डिझाइन माझ्याकडून उशिरा गेलं. ४ दिवस. पैकी १ वरच्यात धरला आहे.' शेजारी तिची सही आणि गटातल्या दुसऱ्या मुलाची.

मी आधी मोबाइलवर कॅलेंडर उघडून पाहिलं. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. कॉलेज चालू होतं.